काय घ्यायचे, काय नाकारायचे

१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला आणि राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्याच दिवसांत दख्खनच्या गावांतून दुष्काळाने माणसे मरत होती आणि पुण्याची सार्वजनिक सभा तालुक्यातालुक्यांतून त्या दुष्काळाची माहिती गोळा करत होती. या सभेचे प्रतिनिधी म्हणून दरबाराला गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, जरी आणि रेशमाच्या गर्दीत हातसुताच्या जाड्याभरड्या कपड्यांनिशी वावरले. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा मिळावा, ही सभेची मागणी होती. कागदावर ती मागणी अर्जाच्या विनम्र भाषेत होती. ती मांडायला गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या कापडाने मात्र विनंती केलेली नव्हती. पाच वर्षांपूर्वी, १८७२ मध्ये, त्यांनी देशी कापडाखेरीज दुसरे काही अंगावर न घालण्याची शपथ घेतली होती आणि दरबारासाठी ती मोडण्याचे त्यांना कारण दिसले नाही.

महाराष्ट्रातल्या स्वदेशीचा इतिहास आपण सहसा होळीपासून सांगतो. परदेशी कापडाचे ढीग पेटलेले, भोवती विद्यार्थी, व्याख्याने, घोषणा. माझे म्हणणे असे आहे की या सगळ्या इतिहासात होळी हा सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत कमी टिकलेला भाग होता. खरे काम रोजच्या व्यवहारात झाले: कोणते धोतर घ्यायचे, नैवेद्याला कोणती साखर वापरायची, कासाराकडून कोणत्या बांगड्या भरायच्या, भिंतीवर कोणते चित्र लावायचे. हे निर्णय घराच्या आतले आणि एकेकट्याचे. त्यांना सार्वजनिक करण्याचे काम पोशाख, चित्र, गाणे आणि नाटक यांनी केले. आणि टिकवण्याचे काम, नाकारलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू बनवणाऱ्या हातांनी. जिथे यांपैकी एक बाजू लंगडी पडली, तिथे चळवळ थोड्याच दिवसांत विरली.

ही कल्पना सार्वजनिक काकांच्याही आधीची. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत, आपल्या लोकांनी इथे तयार झालेलाच माल वापरावा, हे स्पष्टपणे मांडले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७२-७३ च्या सुमारास पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने दिली आणि देशाच्या दारिद्र्याचा प्रश्न मराठी श्रोत्यांपुढे हिशेबाच्या भाषेत आला. ती ऐकून काका थांबले नाहीत. त्यांनी देशी मालाची दुकाने काढवली, थोड्या नफ्यावर माल विकण्याची योजना केली. ती दुकाने फार काळ चालली नाहीत. परदेशी माल स्वस्त होता, मऊ होता आणि हवा तेवढा मिळत होता. देशी माल महाग, खरखरीत आणि तुटपुंजा. ग्राहकाच्या सद्भावनेवर दुकान फार दिवस चालत नाही, हे त्या पहिल्या प्रयत्नातच दिसून आले. काका १८८० मध्ये गेले.

कलेचा या गोष्टीशी संबंध काय, हे समजून घ्यायचे तर परदेशी व्यापारी काय करत होते ते आधी पाहावे लागते. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणावर रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तिच्यावर लक्ष्मी, कृष्ण, गणपती छापलेले असत. स्वीडन आणि ऑस्ट्रियाहून येणाऱ्या काडेपेट्यांवरही आपलेच देव होते. लंकाशायरच्या व्यापाऱ्याला पक्के कळले होते की इथला गिऱ्हाईक कापडाचा पोत पाहतो तसे त्यावरचे चित्रही पाहतो, चिठ्ठी जपून ठेवतो, प्रसंगी देव्हाऱ्यात लावतो. बाजाराने कलेला आधीच कामाला जुंपले होते. म्हणून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, त्याकडे केवळ छापखान्याचा धंदा म्हणून पाहता येत नाही. देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची शिळाछाप रंगीत चित्रे सामान्य माणसाला परवडतील अशा दरात तिथून निघू लागली. त्याच माणसाने पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ यांच्या स्थापनेत पुढाकार घेतला. शाळा, वर्तमानपत्र आणि चित्र ही त्याच्या दृष्टीने एकाच कामाची साधने होती. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्या घरात नाना फडणविसाचे चित्र जाऊ शकत होते.

राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली यंत्रे जर्मन होती, तंत्रज्ञही जर्मन होते आणि काही वर्षांनी तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन माणसाच्याच मालकीचा झाला. मग त्या चित्रांना देशी म्हणायचे की नाही? हा आक्षेप त्या काळीही होता आणि तो हलका नाही. पण रानड्यांच्या विचारात त्याचे उत्तर सापडते. परदेशी विद्या आणि यंत्र घेऊन इथे कारखानदारी उभी करणे यात त्यांना विसंगती दिसत नव्हती; कच्चा माल बाहेर जाणे आणि पक्का माल विकत घ्यावा लागणे, ही त्यांच्या मते खरी दुर्दशा. याच छापखान्यात काम शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके वंगभंगाच्या, म्हणजे बंगालच्या फाळणीच्या, काळात पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडून बाहेर पडले, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. कॅमेरा विलायती, फिल्म विलायती, आणि तरीही आपण स्वदेशीचेच काम करतो आहोत याबद्दल फाळक्यांच्या मनात शंका नव्हती. येशूचा चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील, हा प्रश्न त्यांच्या मनात उठला होता. ज्या समाजाची करमणूक आयात होते, त्याच्या आवडीनिवडीही आयात होतात, हे त्यांना दिसत होते.

१८९६ मध्ये सरकारने लंकाशायरच्या सोयीसाठी आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच कर बसवला. आपल्या देशात, आपल्या कापसाचे, आपल्या माणसांनी विणलेले कापड आणि त्यावर परदेशी मालाच्या बरोबरीने कर! या अन्यायाविरुद्ध टिळकांनी बहिष्काराची हाक दिली आणि पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कपडे जाळले. त्याच वर्षी प्लेग आला, पाठोपाठ दुष्काळ आला, आणि ती लाट ओसरली. १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीनंतर ती पुन्हा उठली. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुण्यात मोठी होळी झाली. तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. ही घटना सर्वांना ठाऊक असते. त्याच काळात काय शिजत होते, ते कमी सांगितले जाते.

अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. या फंडातून १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि परदेशात काचेचे शिक्षण घेतलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे माणसे घडवली. काचच का? कारण काचेच्या बांगड्या ऑस्ट्रिया आणि चीनमधून येत, दिव्याच्या चिमण्या परदेशातून येत, आणि दोन्ही वस्तू घरोघर लागत. सभेत न जाणाऱ्या, वर्तमानपत्र न वाचणाऱ्या बाईपुढे कासार बसला की तिला निवड करावीच लागे. तिला मत नव्हते, सभेत बोलण्याची मुभा नव्हती, पण मनगट तिचे होते. म्हणून बांगडीवरचा बहिष्कार हा घरातल्या बाईने घेतलेला राजकीय निर्णय होऊ शकला. मात्र तो निर्णय टिकायला कुठेतरी भट्टी पेटलेली असणे आवश्यक होते. तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशभर गेले आणि त्यांनी ठिकठिकाणी काच कारखाने चालवले. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पोचला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता, तोही याच हवेतला. एका संध्याकाळच्या होळीने यांपैकी काहीही उभे केले नसते.

साखरेचे तसेच. जर्मनी आणि ऑस्ट्रियाची बीटाची साखर सरकारी अनुदानाच्या जोरावर स्वस्तात येत होती. ती शुद्ध करताना हाडांचा वापर होतो, असा प्रचार झाला आणि नैवेद्याच्या शिऱ्यापासून हलवायाच्या कढईपर्यंत परदेशी साखर नाकारण्याचा आग्रह सुरू झाला. इथे मला थांबावेसे वाटते. हाडांच्या कोळशाने साखर गाळण्याची पद्धत युरोपात होती, तेव्हा प्रचार निराधार नव्हता. पण त्याचा जोर विटाळाच्या भीतीवर होता, शेतकऱ्याच्या उसावर नव्हता. विटाळाच्या भाषेत उभी केलेली चळवळ ज्यांना जन्मभर विटाळ मानले गेले त्यांना आपली कशी वाटणार? हा प्रश्न त्या वेळच्या पुढाऱ्यांनी स्वतःला पुरेसा विचारला नाही.

गणेशोत्सवातल्या मेळ्यांबद्दलही हेच म्हणावे लागते. १८९३ नंतर उत्सव सार्वजनिक झाला आणि मुलांचे मेळे एकाच पोशाखात, लेझीम आणि टिपऱ्यांच्या तालावर गल्लोगल्ली गाऊ लागले. स्वदेशीची हाक वर्तमानपत्राहून कितीतरी दूर पोचली ती या गाण्यांतून. पण पहिल्याच वर्षांत काही मेळ्यांनी मोहरमच्या ताबुतांत सामील होणाऱ्या हिंदूंना हिणवले आणि सुधारकांची चेष्टा केली. कला माणसे जोडते, हे आपण फार सहज बोलतो. ती कोणाला जोडते आणि कोणाला वगळते, हे गाणाऱ्याच्या हातात असते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. त्यावरून कलेला या कामातून बाद करावे, हे मात्र मान्य करत नाही. कारण तेच माध्यम पुढे इतरांनी आपल्या हाती घेतले. पुण्यात ब्राह्मणेतर तरुणांनी १९२० च्या दशकात छत्रपती मेळे काढले, सत्यशोधकांनी जलसे गाजवले, आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांतून गेले. सरकारलाही या माध्यमाचा धाक होता. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली; त्या नाटकात इंग्रजांचे नावही नव्हते.

आता सर्वांत नेहमीचा आक्षेप. या बहिष्कारांनी मँचेस्टरचे काय बिघडले? फार नाही, हे खरे उत्तर आहे. १८९६ चा तो कर १९२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, कायम राहिला. शिवाय परदेशी मालाची जागा नेहमीच देशी मालाने घेतली नाही. पुढे विलायती कापड हटले तिथे जपानी कापड आले. पण या हिशेबात एक नोंद राहून जाते. ज्या माणसाला कायदा करणाऱ्यांना निवडण्याचा हक्कच नव्हता, त्याने रोज एक गोष्ट विचारपूर्वक नाकारली आणि आपण राज्याच्या कारभाराशी संबंधित आहोत, हे शिकून घेतले. हे शिक्षण टक्क्यांत मोजता येत नाही, म्हणून ते झालेच नाही असे होत नाही. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, तेव्हा त्या शिक्षणाचा काही भाग तरी फळाला आलेला दिसला.

त्याच कामगारांच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक बोचरा आहे. १९०५ मध्ये स्वदेशीमुळे देशी गिरण्यांची भरभराट झाली, मालकांनी भाव चढवले आणि विजेच्या दिव्यांच्या उजेडात गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. देशभक्त ग्राहकाने घेतलेल्या धोतरजोडीत या तासांचा हिशेब नव्हता. कोणी विणले, किती तास उभे राहून विणले, हे विचारायला तो शिकलेला नव्हता. कुठे विणले, एवढेच त्याने विचारले. आणि कामाच्या वेळेत जे थोडेफार बदल झाले, ते ग्राहकाच्या विवेकामुळे झाले नाहीत. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांना संघटित केल्यामुळे. पुरुष कामगारांच्या तासांवर मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. विचारपूर्वक खरेदी ही संघटनेची आणि कायद्याची जागा घेऊ शकत नाही, हे स्वदेशीच्या इतिहासातून निःसंशय सिद्ध होते. ती त्यांच्यासाठी जमीन तयार करते आणि त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

रवींद्रनाथांचा आक्षेप याहून खोल होता. गरिबाला स्वस्त कापड लागते. ते हिसकावून जाळण्याचा हक्क सुस्थितीतल्या देशभक्ताला कोणी दिला, हा ‘घरे बाइरे’ या कादंबरीतला मुख्य प्रश्न आहे, आणि जुलै १९२१ मध्ये परळला गांधीजींच्या उपस्थितीत प्रचंड होळी झाली त्या वर्षी त्यांनी तो लेखातून पुन्हा मांडला. या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर स्वदेशीच्या गोटातून आलेच नाही. ते दुसऱ्या दोन प्रसंगांत सापडते. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात, अंगावर घोंगडी घेऊन गेले, आणि ही जडजवाहीर घातलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत या, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. सार्वजनिक काकांचा पोशाख आणि फुल्यांचा पोशाख दोन्ही जाडेभरडे. पण काकांनी तो निवडला होता. फुल्यांनी ज्यांच्यासाठी तो घातला, त्यांना दुसरा परवडतच नव्हता. एकाच कापडातून एकाचा त्याग दिसतो आणि दुसऱ्याची लूट दिसते. स्वदेशीने पहिला अर्थ घेतला आणि दुसरा बराच काळ कानाआड केला.

दुसरा प्रसंग महाडचा. मार्च १९२७ मध्ये तिथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा निर्धार झाला. डिसेंबरात, मनुस्मृतीच्या दहनानंतर, डॉ. आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारे लुगडे नेसणे आणि तसले दागिने घालणे सोडा, इतर स्त्रियांसारखे नेसा, स्वच्छ राहा. दुसऱ्याच दिवशी अनेक स्त्रिया नेसण बदलून आल्या. स्वदेशीचा उपदेश होता की उंची कापड सोडा. ज्यांना परंपरेने चांगले नेसूच दिले नव्हते, त्यांच्यासाठी नीटनेटके नेसणे हाच विरोध होता. काय खायचे आणि काय नेसायचे याचा रोजचा निर्णय इथेही राजकीयच होता. फक्त त्याची दिशा उलटी होती, आणि माझ्या मते तो या संबंध इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय होता. सार्वजनिक काकांना दरबारात कोणी जाडेभरडे घातल्याबद्दल मारले नसते. या स्त्रिया गावी परतल्यावर त्यांच्या अंगावरचे नेसण गावाच्या डोळ्यांत खुपणार होते.

म्हणून कमी वापरा, साधे वापरा, हा उपदेश सगळ्यांना सारखाच लागू पडतो असे मानणे चूक आहे. त्याचे मोल सांगणाऱ्याच्या स्थितीवरून ठरते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा तरुण होता. परदेशी कापड हटल्याने मालकाचा नफा वाढेल आणि आपली मजुरी कदाचित तेवढीच राहील, हे गिरणीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नसावे. तरी तो ट्रकपुढून उठला नाही. त्याच्याकडे पाहिल्यावर ही सगळी चळवळ पांढरपेशांची होती, असे सरसकट म्हणता येत नाही.

आज पैठणीच्या दुकानात हातमागाची खूण सांगणारी चिठ्ठी असते, आणि शेजारीच यंत्रावर निघालेली, पैठणी म्हणूनच विकली जाणारी साडी असते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन ग्राहकाच्या वतीने प्रश्न विचारत नाही. मँचेस्टरच्या ठाणावर लक्ष्मी छापली गेली होती, तेव्हापासून विकणाऱ्याला खरेदीदाराचे मन नीट ठाऊक आहे. साडी घेताना ती येवल्याची की पैठणची हे विचाराच. त्याच दमात विणणाऱ्याला तिचे किती मिळाले, हेही विचारा, आणि दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर ते माहीत करून घ्यायला सांगा.